कुलूप द्यावे, किल्ली देऊ नये

मराठीत आपण जिला 'किल्ली' म्हणतो, तिच्या सख्ख्या बहिणीसारखा दिसणारा कन्नडमधला 'कीली' हा शब्द मात्र आपल्या भागात कुलपासाठी वापरला जातो. धारवाडकडच्या पाहुण्याने निघताना 'कीली हाक्री' म्हटले, तर दाराला कुलूप घाला असा त्याचा अर्थ. उघडण्याचे साधन ते 'कीलीकै', म्हणजे कुलपाचा हात. आणखी दक्षिणेला गेलात की कुलपाला 'बीग' आणि किल्लीला 'बीगद कै' म्हणतात. शिवाय 'बीगरू' म्हणजे व्याही! त्यामुळे सासू कन्नड आणि सून मराठी असलेल्या घरात 'कीली कुठं ठेवलीस?' या साध्या प्रश्नावर एकीने कुलूप शोधावे आणि दुसरीने किल्ली, यात नवल काही नाही. दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्या आपल्या माणसांना अशा गमतीची सवय असते.

हा शब्द आज आठवण्याचे कारण मात्र संगणकाचे आहे. संगणकाच्या जगात एक जोडी असते. तिच्यातली एक वस्तू कुलपासारखी वागते, दुसरी किल्लीसारखी. पण इंग्रजीने दोघींनाही 'की' असेच नाव दिले आहे. एक 'पब्लिक की', दुसरी 'प्रायव्हेट की'. कोणती कोणाला द्यायची आणि कोणती जिवापाड जपायची, यात भल्याभल्या मुलांचा गोंधळ होतो, आणि या गोंधळाची किंमत कधी कधी बरीच मोठी असते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंजिनियरिंगला किंवा बीसीएला जाणारे एखादे मूल आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले, त्याचे मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे, आणि त्याच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात गिटवर एक प्रात्यक्षिक विषयही आहे. तेव्हा 'गिट', 'पुश', 'एसएसएच' हे शब्द आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचले आहेत. मी काही संगणकाचा प्राध्यापक नव्हे. मराठीत एम. ए. करून महाविद्यालयात व्याकरण आणि संतसाहित्य शिकवणारा माणूस. तरीही या विषयाशी माझी गाठ पडली ती एका शब्दसंग्रहामुळे. ती हकीगत पुढे येईलच. आधी हे गिट म्हणजे काय ते पाहू.

आपल्या पेठेतल्या जुन्या दुकानांत कीर्दवही असे. तिच्यात खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर ती रबराने पुसायची नाही, तिच्या खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची. त्यामुळे दहा वर्षांनीही कोणी वही उघडली तर काय, केव्हा आणि का बदलले हे दिसे. गिट ही संगणकावरची अशीच कीर्दवही आहे. तुम्ही एखाद्या फाइलमध्ये बदल केलात की त्याची तारीख, वेळ, लिहिणाऱ्याचे नाव आणि एका ओळीचे कारण यांसह नोंद होते, आणि आधीची प्रत जशीच्या तशी मागे शिल्लक राहते. फिनलंडमध्ये जन्मलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट तयार केले. लिनक्स या प्रणालीच्या कामासाठी त्यांची मंडळी त्याआधी दुसऱ्या एका कंपनीचे साधन वापरत होती. त्याची फुकट वापराची सवलत बंद झाली आणि टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहायला घेतले. आज जगभरातले बहुतेक प्रोग्रामर तेच वापरतात.

ही वही आपल्या डेस्कटॉपवर असते. पण चारजणांनी मिळून काम करायचे तर तिची एक प्रत सगळ्यांना पोहोचता येईल अशा ठिकाणी हवी. गिटहब हे असे एक ठिकाण. २००८ साली ते सुरू झाले आणि २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. गिट म्हणजे वही आणि गिटहब म्हणजे त्या वह्या ठेवण्याची वखार, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे. आता वखारीत वही ठेवायला जाताना दारावर 'तुम्ही कोण?' हे विचारणारच. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची एक चांगली रीत म्हणजे एसएसएच.

या रीतीचा जन्मही फिनलंडमधलाच. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यात चोरून बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पासवर्ड गोळा करत असल्याचे उघडकीस आले. त्या काळी पासवर्ड तारेवरून पोस्टकार्डासारखे उघडे जात. वाटेतल्या कोणीही वाचावेत. तिथले संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'सिक्युअर शेल' लिहिले. पोस्टकार्डाऐवजी लाखेची मोहोर केलेला लिफाफा, असे समजा. पुढे १९९९ साली ओपनएसएसएच ही सर्वांना मोफत असलेली आवृत्ती आली, आणि आज आपल्या संगणकांवर बहुतेक करून तीच असते.

पण लिफाफा बंद झाला तरी पासवर्डाचे एक दुखणे उरतेच. तो आपल्याला समोरच्याला सांगावा लागतो. जे सांगितले ते समोरच्याकडे राहते, आणि त्याच्याकडून चोरीला जाऊ शकते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी यावर एक अफलातून विचार मांडला. किल्ल्यांची एक जोडी करायची. दोघींचे गणिती नाते असे, की एक सगळ्या गावाला दाखवली तरी तिच्यावरून दुसरी घडवता येऊ नये. म्हणजे मी माझे कुलूप तुमच्याकडे ठेवायला दिले आणि किल्ली माझ्या कनवटीला ठेवली. कुलूप तुम्ही खुशाल चावडीवर टांगा. ते उघडून दाखवेल तो मीच.

दाखला जरा नीट लावायचा तर पाटलाच्या मोहोरेचा लावावा. मोहोरेचा ठसा सगळ्यांना ओळखीचा असतो, मोहोर मात्र पाटलाच्या पेटीत. वखारीचा संगणक प्रत्येक भेटीला नवा कागद पुढे करतो, आपला डेस्कटॉप त्यावर मोहोर उमटवतो, आणि समोरचा ठसा ताडून पाहतो. मोहोर पेटीतून बाहेर जातच नाही. त्यामुळे उद्या वखारीवर दरोडा पडला तरी चोराच्या हाती लागतील ते नुसते ठसे. त्यावरून मोहोर बनत नाही. पासवर्डापेक्षा ही रीत चांगली ती एवढ्यासाठीच.

आता शब्दसंग्रहाची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात मराठीची आणि कन्नडची मुले मिळून घरोघरचे शब्द गोळा करतात. तूप आणि तुप्प, भाकरी आणि रोट्टी, अक्का आणि अण्णा, दोन्ही स्वयंपाकघरांत सारखाच शिजणारा झुणका. एका रकान्यात मराठी शब्द, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात तो कोणाच्या आज्जीकडून मिळाला आणि ती तो कसा वापरते. सुरुवात एका वहीत झाली, मग एक्सेल आले, आणि मग बीसीएच्या एका मुलाने सुचवल्यावरून ते सगळे गिटमध्ये गेले. त्यातल्या काही आज्ज्या आज हयात नाहीत. त्यांचा शब्द आता त्या ओळीतच आहे.

विभागात डेस्कटॉप एकच. मुलांनी सोयीसाठी गिटहबवर एकच खाते काढले होते आणि त्यावर सगळ्यांचे काम चाले. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे. त्याऐवजी टोकन नावाची लांबलचक अक्षरमाळ तरी द्यावी लागते किंवा एसएसएचची जोडी तरी लागते. मुलांनी टोकन काढले आणि व्हाट्सअ‍ॅपच्या गटात टाकून दिले. ज्याला लागेल त्याने घ्यावे. वहीतल्या नोंदींवरही एकच नाव, 'मराठी विभाग'.

एका सोमवारी पाहतो तर कन्नडचा रकाना रिकामा. अख्खाच्या अख्खा. शब्दांचे म्हणाल तर गिटच्या कृपेने ते पाच मिनिटांत परत आले, कारण आदल्या दिवशीची प्रत वहीत होतीच. पण नोंदीवर नाव 'मराठी विभाग', खाते सगळ्यांचे, टोकन तीस फोनांत. हे कोणी केले हे कळायला मार्ग नव्हता. आणि आपल्या भागात अशा प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर माणसे ते आपापल्या मनाने भरतात. कन्नड माध्यमातून आलेल्या दोन मुली चार दिवस विभागाकडे फिरकल्या नाहीत. एकीने एवढेच म्हटले, 'सर, आमचे शब्द नको असतील तर तसं सांगा री, आम्ही देत नाही.' तिच्या अज्जीकडून आलेले चाळीसेक शब्द त्या रकान्यात होते. मराठी मुलांपैकी काहींचे म्हणणे, आमच्यावर उगाच संशय. शब्द पाच मिनिटांत आले, पण पोरांना पुन्हा एका बाकावर बसायला पुढचे सगळे सत्र लागले. तो रकाना कोणाच्या हातून गेला हे आजतागायत कळलेले नाही. माझा स्वतःचा कयास असा, की कोणाचा तरी हात चुकीच्या कळीवर पडला असावा. पण कयास म्हणजे पुरावा नव्हे.

त्यानंतर आम्ही बैठक घेतली आणि एकच गोष्ट ठरवली. प्रत्येकाचे खाते वेगळे, प्रत्येकाची जोडी वेगळी आणि नोंदीवर प्रत्येकाचे खरे नाव. तसेही एक खाते अनेकांनी वापरू नये असा गिटहबचा नियमच आहे. त्या शनिवारी तीसच्या तीस मुलांनी विभागातल्या डेस्कटॉपवर पाळीपाळीने आपापल्या जोड्या तयार केल्या. कृती सोपी आहे. आपल्या घरातल्या मुलामुलींनाही उपयोगी पडेल म्हणून क्रमाने देतो. खालच्या आज्ञा या पानावर देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजीच्या लहान लिपीत टंकायच्या, एवढे सांभाळा.

पहिले काम, आपल्याकडे आधीच जोडी आहे का ते पाहणे. विंडोजमध्ये 'सी' ड्राइव्हवर 'यूजर्स' या फोल्डरात आपल्या नावाचे फोल्डर असते. त्यात 'एसएसएच' नावाचे फोल्डर आहे का पाहा. त्याच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. लिनक्सवर आणि मॅकवर टिंबाने सुरू होणारी फोल्डरे लपलेली असतात हे लक्षात घ्यावे. फोल्डर नसेल किंवा रिकामे असेल तर पुढे जा. जुनी जोडी असेल तर तिच्यावर नवी लिहू नका. संगणक तसे विचारतो, तेव्हा 'नाही' म्हणा.

दुसरे काम, जोडी घडवणे. विंडोजमध्ये २०१८ पासून ओपनएसएसएच अंगभूत येते, वेगळे काही बसवावे लागत नाही. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'एसएसएच-कीजेन' असे सलग लिहायचे. मधली आडवी रेघ विसरू नका. मग जागा सोडून '-टी', पुन्हा जागा सोडून 'ईडी२५५१९', आणि शेवटी मोठ्या लिपीतला '-सी' लिहून अवतरणात ओळखीची खूण, उदाहरणार्थ 'विभागातला डेस्कटॉप' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. 'ईडी२५५१९' हा जोडीचा प्रकार. डॅनियल बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तो मांडला. २०१४ पासून तो ओपनएसएसएचमध्ये आहे. जुन्या पुस्तकांत 'आरएसए' किंवा 'डीएसए' दिसेल. त्यातला डीएसए गिटहबने मार्च २०२२ मध्ये बंद केला. नव्याने करणाऱ्याने ईडी२५५१९ च घ्यावा. त्याची किल्ली आखूड असते आणि काम चपळ.

मग संगणक विचारतो, कुठे ठेवू? नुसते एंटर दाबा. पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे, परवलीचे वाक्य काय? हे वाक्य म्हणजे किल्ली ज्या पेटीत ठेवायची त्या पेटीचे कुलूप. अनेकजण कंटाळून इथेही नुसते एंटर दाबतात. घरच्या किंवा महाविद्यालयाच्या सामाईक डेस्कटॉपवर तसे मुळीच करू नये. चार-पाच असंबद्ध शब्द ओळीने घ्या, पण म्हणी किंवा अभंगाचे चरण नकोत, ते ओळखता येतात. टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडलेला नाही, तशीच रीत आहे. वाक्य दोनदा मागतात. हे वाक्य विसरलात तर ते परत मिळवण्याचा मार्ग नाही. पण घाबरायचेही कारण नाही. जुनी जोडी टाकून द्यायची, नवी करायची. वखारीतली वही जिथल्या तिथे असते.

आता फोल्डरात दोन फाइली दिसतील. दोघींचे नाव सारखेच, एकीच्या शेवटी टिंब देऊन 'पब' लावलेले. 'पब' लावलेली ती सार्वजनिक, म्हणजे आपले कुलूप, आपला ठसा. शेपूट नसलेली ती खासगी, म्हणजे किल्ली. इथे विंडोज एक फसवणूक करते. फाइलींची शेपटे लपवून ठेवण्याची तिची खोड आहे. ज्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचा पब्लिशर हा प्रोग्राम असतो, तिथे तर 'पब' हे शेपूट ओळखीचे समजून ती ते लपवते आणि सार्वजनिक फाइलीला पब्लिशरचा कागद ठरवते. मग दोन्ही फाइली नावाने जुळ्या दिसतात, आणि पोरे भलतीच उचलतात. म्हणून फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. सार्वजनिक किल्लीची एकच ओळ असते. आधी 'एसएसएच-ईडी२५५१९', मग मोठ्या लिपीतल्या चार 'ए'ने सुरू होणारी अक्षरमाळ आणि शेवटी आपण दिलेली खूण. जिच्या पहिल्याच ओळीत 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' असे दिसेल ती तशीच मिटा. ती व्हाट्सअ‍ॅपवर नाही, इमेलवर नाही, पेनड्राइव्हवर नाही, सरांनाही नाही.

तिसरे काम, कुलूप वखारीत नेऊन देणे. सार्वजनिक फाइलीतली ती ओळ पूर्ण उचलायची, गिटहबवर आपल्या खात्याच्या 'सेटिंग्ज'मध्ये जायचे, 'एसएसएच अँड जीपीजी कीज' हे पान उघडायचे, 'न्यू एसएसएच की' दाबायचे आणि तिथे ती ओळ चिकटवायची. वर नाव मागतात. तिथे संगणकाची ओळख लिहावी, 'घरचा डेस्कटॉप', 'हॉस्टेलचा लॅपटॉप' अशी. पुढे त्याचा उपयोग होतो.

चौथे काम, दार वाजवून पाहणे. 'एसएसएच', जागा, मोठ्या लिपीतला '-टी', जागा, आणि 'गिट अ‍ॅट गिटहब डॉट कॉम'. इथे आपले नाव घालायचे नसते. सगळ्यांसाठी 'गिट' हेच नाव. कोण आले हे ठशावरून कळते. पहिल्या वेळी संगणक एक विचित्र अक्षरमाळ दाखवून विचारतो, हे ठिकाण ओळखीचे नाही, जोडू का? बहुतेकजण न वाचता 'यस' लिहितात. खरे तर ती वखारीची स्वतःची ओळख आहे. आपण जसा आपला ठसा दाखवतो तसाच ती तिचा दाखवते. गिटहबने आपल्या मदतपानांवर ही अक्षरमाळ जाहीर केली आहे. ती ताडून पाहा आणि मगच 'यस' म्हणा. सगळे जुळले तर आपल्या नावाने स्वागत होते, आणि पुढे 'शेल मिळणार नाही' अशा अर्थाचे वाक्य येते. मुले इथे घाबरतात. पण ते वाक्य म्हणजेच काम फत्ते झाल्याची पावती.

पाचवे काम, वहीला नवा रस्ता सांगणे. जी वही आधी 'एचटीटीपीएस'च्या रस्त्याने जात होती तिला 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' ही आज्ञा देऊन त्यापुढे एसएसएचचा पत्ता द्यायचा. गिटहबवर वहीच्या पानावर 'कोड' या बटणाखाली तो आयता मिळतो.

एवढे झाले की 'पुश' म्हणायचे. प्रत्येक वेळी परवलीचे वाक्य टंकण्याचा कंटाळा येत असेल तर एसएसएच-एजंट नावाचा राखणदार आहे. त्याला एकदा वाक्य सांगितले की तो किल्ली सांभाळतो. सामाईक संगणकावर मात्र काम संपल्यावर आपले लॉगिन बंद करून उठावे.

काही महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या जाळ्यात हे सगळे करूनही दार उघडत नाही. एसएसएच ज्या वाटेने जाते तिचा क्रमांक २२, आणि ती वाट तिथे बंद ठेवलेली असते. त्यासाठी गिटहबने ४४३ क्रमांकाची, म्हणजे नेहमीची वेबपाने जिच्यावरून येतात ती वाटही 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' या पत्त्यावर खुली ठेवली आहे. एसएसएचच्या फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची साधी फाइल करून तीन-चार ओळींत हा पत्ता आणि क्रमांक लिहिला की काम होते. अर्थात जिथे वाट मुद्दाम बंद केली आहे तिथल्या संगणकप्रमुखांना विचारून हे करावे.

आता घरचा प्रश्न. आपल्याकडे एक डेस्कटॉप आणि दोन भावंडे असे चित्र पुष्कळ घरांत आहे. अशा वेळी विंडोजमध्येच दोघांची लॉगिन वेगळी करावीत. प्रत्येकाचे एसएसएच फोल्डर आपोआप वेगळे होते आणि ताईची किल्ली दादाच्या हाती लागत नाही. आम्ही विभागातही हेच केले. काही कारणाने एकाच लॉगिनमध्ये दोन खाती चालवायची असतील तर दोन जोड्या वेगवेगळ्या नावांनी करून त्या 'कॉन्फिग' फाइलीत कोणत्या खात्याला कोणती किल्ली ते लिहून ठेवता येते. एकच कुलूप दोन खात्यांना लावता येत नाही. गिटहब तसे करूच देत नाही. आणि दोन संगणक असतील तर दोन जोड्या कराव्यात, किल्ली एकीकडून दुसरीकडे नेऊ नये. लॅपटॉप चोरीला गेला तर गिटहबच्या पानावर जाऊन 'हॉस्टेलचा लॅपटॉप' या नावाचे कुलूप तेवढे काढून टाकायचे. घरचे चालूच राहते. वर्षभर न वापरलेले कुलूप तर गिटहब स्वतःच काढून टाकते.

चूक होत नाही असा कोणी नाही. खुद्द गिटहबची आरएसए प्रकारातली खासगी किल्ली २०२३ च्या मार्चमध्ये थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक वहीत उघडी पडली होती. तिचा गैरवापर झाल्याचे त्यांना दिसले नव्हते, तरी २४ मार्चला त्यांनी ती किल्ली बदलली आणि तसे जाहीर केले. त्या दिवशी जगभर अनेकांच्या पडद्यावर 'समोरच्याची ओळख बदलली आहे, सावधान' अशी मोठ्या अक्षरांतली सूचना आली. असे काही दिसले तर ती सूचना पुसून पुढे जाण्याची घाई करू नये. आधी समोरच्याने काही जाहीर केले आहे का ते पाहावे. आणि आपली किल्ली उघडी पडली तर त्या कंपनीने केले तेच आपण करावे. लपवू नये, बदलावी.

एक बारीक गोष्ट राहिली. किल्लीने दार उघडते, पण वहीतल्या नोंदीवर कोणाचे नाव पडते ते किल्लीवरून ठरत नाही. ते 'गिट कॉन्फिग'मध्ये 'यूजर डॉट नेम' या ठिकाणी आपण जे लिहू ते. तिथे कोणी दुसऱ्याचे नाव लिहिले तर गिट त्याला अडवत नाही. कोणत्या खात्याने काय पाठवले याची नोंद वखारीत असते, आणि अगदी पक्के करायचे तर नोंदीवरही आपल्या एसएसएच किल्लीची मोहोर उमटवता येते. ही सोय गिटमध्ये २०२१ च्या अखेरीस आली. शब्दसंग्रहाला आम्हाला ती अजून लागलेली नाही. आपले नाव आपल्या हाताने खरे लिहायचे, एवढ्यावर भागले.

भागले ते कसे, ते सांगून थांबतो. वेगवेगळ्या किल्ल्या झाल्यावर सहा-सात महिन्यांनी पुन्हा एकदा वीस-बावीस ओळी गायब झाल्या. या वेळी मराठीच्या. वही उघडली तर नोंदीवर नाव होते. मी काही विचारण्याआधी ती मुलगी स्वतःच आली, तीच ती अज्जीचे शब्द देणारी. म्हणाली, 'सर, माझ्याकडूनच झालं. दोन फाइली जुळवताना माझीच ठेवली गेली.' शेजारच्या मुलाने खुर्ची ओढली, दोघांनी मिळून ओळी परत आणल्या आणि चहाला गेली. कोणी कोणाची भाषा काढली नाही. काढण्याचे कारणच उरले नव्हते.

सगळ्यांची किल्ली एक असली म्हणजे एकोपा असतो, असे आपल्याला वाटते. मला आता तसे वाटत नाही. ज्याचा हात त्याचे नाव, एवढे ठरले की चूक ही नुसती चूक राहते, तिचा आरोप होत नाही. दोन भाषांच्या शेजारात हे फार मोलाचे आहे.

तुमच्या घरी मूल काळ्या खिडकीत काही लिहीत बसलेले दिसले तर त्याला एवढेच विचारा, 'बाळा, दिलंस ते कुलूप ना? की किल्ली?' कन्नडमध्ये विचारणार असाल तर मात्र शब्द जरा जपून वापरा.